डिझायनर ठरवण्याआधी दोन पानं लिहा

प्रश्न : मी आणि माझा भाऊ जुन्या लाकडी फर्निचरची दुरुस्ती आणि पॉलिश करतो. आजवर सगळी कामं एकाने दुसऱ्याला सांगून मिळत आली. आता वेबसाइट करायचं ठरवलं आहे. तीन डिझायनरांकडून कोटेशन मागवलं, तर सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकड्यांत जवळजवळ सहापट फरक! एकाने ‘किती पानं हवीत’ एवढंच विचारलं. दुसऱ्याने न मागता तीन नमुने पाठवले. तिसरी म्हणते, आधी बोलू, मग आकडा सांगते. तरी फार आग्रह केल्यावर तिने ढोबळ आकडा दिला. भावाला आमच्या एका स्पर्धकासारखी, वर मोठे फोटो सरकत राहणारी साइट हवी आहे. भाचा म्हणतो, ‘मावशी, मी फुकट करून देतो.’ चार-पाच वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाने आमचं एक पान बनवलं होतं. ते अजून दिसतं, पण त्याचा पासवर्ड आमच्याकडे नाही. या तिघांपैकी काम कोणाला द्यावं?

उत्तर : ताई, आत्ता कोणालाच देऊ नका. तिघांत खोट आहे असं मी म्हणत नाही. पण त्यांनी तीन वेगवेगळ्या कामांचे आकडे दिले आहेत आणि तुम्ही ते एकाच कामाचे समजून शेजारी शेजारी ठेवले आहेत. एकाने तयार टेम्प्लेटवर पाच पानं बसवायची असं धरलं असेल, मजकूर आणि फोटो तुमचे. दुसऱ्याने कदाचित मजकूर लिहून देणं, फोटोग्राफर आणणं, पुढचं वर्षभर देखभाल करणं, सगळं त्यात घातलं असेल. काय हवं ते तुम्ही सांगितलंच नाही, त्यामुळे ज्याने त्याने आपापल्या सवयीप्रमाणे मोकळी जागा भरली. सहापट फरक निघतो तो इथून.

म्हणून आधी दोन पानं लिहा. कॉम्प्युटरवरच हवं असं नाही, वहीत चालेल. आणि पहिल्याच ओळीत हे लिहा : साइट पाहून झाल्यावर माणसाने काय करावं? ‘आपणही ऑनलाइन असायला हवं’ हे उत्तर नव्हे, तो संकल्प झाला. तुमच्या साइटवर माल विकत घ्यायचा नाही, ऑनलाइन दुकानासारखी टोपली भरून बिल द्यायचं नाही. माझ्या मते तुमच्या गिऱ्हाइकाने एकच गोष्ट करायची आहे : आपल्या खुर्चीचा, कपाटाचा फोटो पाठवून ‘हे होईल का, किती लागतील’ असं विचारायचं. हे पटत असेल तर साइटवरचं प्रत्येक पान त्याच दिशेला नेणारं हवं, आणि जे नेत नाही ते कितीही देखणं असलं तरी नको. तुमचा उद्देश वेगळा असेल, समजा घरगुती गिऱ्हाइकांपेक्षा हॉटेलं आणि ऑफिसांची मोठी कामं हवी असतील, तर तसं लिहा. तेव्हा साइट वेगळी होईल. दोन्ही हवं असेल तर आधी कोणतं, हे तुम्हा बहीणभावांनी घरात भांडून ठरवा. ते भांडण डिझायनरच्या समोर झालं की त्याच्या तासांचे पैसे तुम्ही भरता.

आता पानांचा प्रश्न. ‘किती पानं हवीत’ याचं उत्तर तुम्हाला आज देता येणार नाही आणि ते साहजिक आहे. ते उत्तर तुमच्या फोनमध्ये आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांत नव्या माणसांनी पाठवलेले पहिले मेसेज उघडा आणि ते काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. ‘खुर्चीचा एक पाय हलतो, तेवढाच बसवून द्याल का?’ ‘घरी येऊन करता की आणून द्यावं लागेल?’ ‘वाळवी लागलेलं घेता का?’ ‘आजोबांचं टेबल आहे, चकचकीत नको, जुनंच दिसायला हवं.’ ‘पॉलिशचा वास किती दिवस राहतो? घरात बाळ आहे.’ हा शेवटचा प्रश्न बघा. कोणताही डिझायनर, कितीही अनुभवी असला तरी, स्वतःच्या डोक्यातून हा काढू शकणार नाही. आणि ज्या घरात बाळ आहे तिथे सगळा निर्णय त्या एका उत्तरावर अडलेला असतो. फोनवर येणारे प्रश्न आठवून लिहा, भावालाही त्याची वेगळी यादी करायला सांगा. तो वर्कशॉपमध्ये उभा असतो, त्याला लोक वेगळंच विचारत असणार.

मग सारखे प्रश्न एकत्र करा. ‘काय काय दुरुस्त होतं’, ‘काम कसं चालतं आणि किती दिवस लागतात’, ‘पॉलिशचे प्रकार’, ‘झालेली कामं’, ‘फोटो पाठवा’ असे चार-पाच गठ्ठे आपोआप पडतील. तीच तुमची पानं आणि तोच तुमचा मेन्यू. ‘आमचं ध्येय’, ‘आमची मूल्यं’ ही पानं कोणी मागितलेली नसतात. ती फक्त इतरांच्या साइटवर असतात म्हणून येतात. तुमच्याबद्दल चार ओळी मात्र हव्यात, कारण घरातली वस्तू परक्याच्या हाती देण्याआधी तो कोण हे माणूस पाहतोच.

एक गठ्ठा बहुतेक जण विसरतात : आम्ही काय करत नाही. प्लायवूड फुगलेलं असेल तर घेत नसाल, वेताचं विणकाम करत नसाल, लोखंडी फर्निचरला हात लावत नसाल, तर ते स्पष्ट लिहा. भाऊ म्हणेल, कशाला गिऱ्हाईक घालवायचं? पण ते गिऱ्हाईक तुमचं नव्हतंच. त्याच्या फोनवर तुमची दहा मिनिटं जाणार होती, ती वाचली. दराचंही तसंच. प्रत्येक वस्तू वेगळी, म्हणून आकडा लिहिता येत नाही हे खरं आहे. पण अंदाज कशावर ठरतो (लाकूड, मोडतोड, जुनं पॉलिश खरवडावं लागेल का) आणि कमीत कमी किती रकमेचं काम तुम्ही घेता, एवढं लिहिता येतं.

यानंतरचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं : मजकूर. वेबसाइटची कामं रखडतात ती बहुतेक वेळा इथे. डिझायनर मजकुराच्या जागी अर्थहीन लॅटिन ओळी टाकून डिझाइन दाखवतो. तीन ओळी, तीन ओळी, सगळं कसं मापात! तुम्ही ते मंजूर करता. मग तुमचा खरा मजकूर येतो, कुठे एक ओळ तर कुठे अकरा, आणि सगळी मांडणी विस्कटते. म्हणून कच्चा का होईना, पण खरा मजकूर आधी तयार ठेवा.

लिहायला बसलं की हात आपोआप जाहिरातीच्या भाषेकडे वळतो. ‘गुणवत्ता, विश्वास आणि परंपरा यांचा सुरेख संगम असलेली आमची संस्था ग्राहकांच्या सेवेत सदैव तत्पर आहे.’ हे वाक्य बँकेचं असू शकतं, शाळेचं असू शकतं, टायरच्या दुकानाचंही. आता हे पाहा : ‘जुनं लाकडी फर्निचर आम्ही दुरुस्त करून, पॉलिश करून देतो. वस्तूचे तीन फोटो पाठवा : समोरून, बाजूने आणि जिथे मोडलंय तिथला जवळून. काम होईल की नाही आणि साधारण खर्च किती, हे दोन दिवसांत कळवू.’ होमपेजच्या माथ्यावर एवढं पुरे. दोन दिवस जमत नसतील तर चार लिहा, पण जे लिहाल ते पाळता आलं पाहिजे. लिहायचा आळस असेल तर गिऱ्हाइकाशी बोलताना जसं सांगता तसं फोनमध्ये रेकॉर्ड करा आणि ऐकून उतरवा. तुमची बोलण्यातली भाषा तुमच्या लिहिण्यातल्या भाषेपेक्षा नक्की चांगली आहे. तुमच्या पत्रावरूनच म्हणते.

जुनं माहितीपत्रक असेल आणि ते युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांवर अक्षरं सारखी दिसावीत म्हणून ठरवलेल्या पद्धतीच्या) आधीच्या एखाद्या फाँटमध्ये टाइप केलेलं असेल, तर तो मजकूर साइटवर सरळ चिकटवता येणार नाही, भलतीच अक्षरं उमटतील. युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

फोटोंचं काम आजपासूनच सुरू होऊ शकतं, कारण ‘आधी’चा फोटो काम संपल्यावर काढता येत नाही. वर्कशॉपमध्ये खिडकीजवळ एक जागा ठरवा, जमिनीवर खडूने खूण करा, आणि येणारी प्रत्येक वस्तू आल्यावर आणि जाताना त्याच खुणेवर, त्याच बाजूने टिपा. वस्तू ज्यांची आहे त्यांना विचारून घ्या, नंतर वाद नको. नेटवरून उचललेले सुंदर दिवाणखान्यांचे फोटो नकोत. एक तर ते दुसऱ्याचे असतात, हक्काची नोटीस आली तर ती डिझायनरला नाही, साइटच्या मालकाला येते. शिवाय तुमचं काम त्यात दिसतच नाही. आणि डिझायनरला फोटो मेसेजिंग ॲपवरून सहज पाठवू नका. तिथे ते दाबले जाऊन बारीक तपशील जातो. मूळ फाइली ड्राइव्हवर ठेवून लिंक द्या. साइटसाठी त्या हलक्या करणं हे त्याचं काम.

आता फॉर्म. दिसायला दोन इंचांचा, पण सगळा धंदा त्यातून आत येणार, म्हणून तो कागदावर स्वतः आखा. नाव, फोन नंबर, वस्तू कोणती, काय झालंय, फोटो. बस्स. पत्ता, ईमेल, ‘आमच्याबद्दल कुठे ऐकलंत’ हे सगळं नंतर विचारता येतं. प्रत्येक जादा रकान्याला काही माणसं परत फिरतात. मग पुढचं लिहा. फॉर्म भरला की तो कुठे जाणार? तुमच्या ईमेलमध्ये? तुम्ही ईमेल दिवसातून किती वेळा बघता, खरं सांगा. भरणाऱ्याला ‘तुमचे फोटो मिळाले, अमुक वेळात कळवू’ असा निरोप लगेच दिसणार का? फोनमधला मोठा फोटो जोडताना फॉर्म अडकला तर त्याला काय दिसेल? उत्तर कोण देणार, तुम्ही की भाऊ? हे प्रश्न तुम्ही कागदावर आणलेत की कोटेशन देणाऱ्याला कळतं, समोरच्याने विचार केलाय. आणि कदाचित तुमच्या लक्षात येईल की फॉर्म नकोच, थेट व्हॉट्सॲपचं बटण बरं. तसं असेल तर उत्तमच, काम कमी झालं.

भावाच्या सरकत्या फोटोंबद्दल. त्याला विचारा, स्पर्धकाच्या साइटवर तिसरा फोटो कशाचा होता? बहुधा आठवणार नाही, कारण तिसऱ्यापर्यंत थांबतं कोण! आणि तुमच्याकडे येणारी बरीच माणसं साइट फोनवरच पाहणार. तिथे ते पाच वजनदार फोटो उतरेपर्यंत पान रिकामं दिसू शकतं. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा हा गूगलने घालून दिलेला मापदंड आहे, आणि शोधासाठी गूगल साइटचं मोबाइलवरचं रूपच पाहतं. भावाचं मन मोडू नका, पण त्याला आवडलेल्या तीन साइट निवडून ‘यातलं नेमकं काय आवडलं’ हे लिहायला लावा. ‘मस्त वाटली’ चालणार नाही. ‘आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी होता’ असं काही लिहिलं तर त्याचा उपयोग आहे. रंगांवर मी वेळ घालवणार नाही. फक्त लाकूडकामाच्या साइटवर तपकिरी पार्श्वभूमीवर बारीक सोनेरी अक्षरं घालायची जी खोड असते, ती टाळा. डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या जागतिक निकषांप्रमाणे साध्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी उठाव (कॉन्ट्रास्ट) निदान ४.५ : १ हवा, मोजून द्यायला डिझायनरला सांगा.

आता त्या जुन्या पानाकडे येते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्याच वाक्याची वाटली. पासवर्ड नाही, म्हणजे डोमेन तुमच्या हातात नाही. डोमेन म्हणजे साइटचं नाव-पत्ता, होस्टिंग म्हणजे साइट जिथे ठेवली आहे ती जागा. दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळी बिलं. होस्टिंग गेलं तर दुसरं घेता येतं. नाव गेलं तर गेलं. तुमच्या कार्डांवर, बिलांवर तेच नाव छापलेलं असणार.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. डॉट कॉमसारखं नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येतं आणि मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं. मुदत संपण्याच्या सुमारे महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी नोंदणी कंपनीने आठवण द्यायची असते, पण ती जाते नोंदीतल्या ईमेलवर. तिथे त्या मुलाचा कॉलेजातला ईमेल असेल आणि तो त्याने केव्हाच सोडला असेल, तर तुम्हाला कळणारही नाही. मुदत टळल्यावर कंपनी काही दिवस सवलत देऊ शकते, त्यानंतर ३० दिवस जादा दंड भरून नाव परत मिळतं, मग आणखी ५ दिवसांनी ते कोणालाही घेता येतं.

तेव्हा आज त्या मुलाला फोन करा. त्याने फसवलं अशा सुरात नको; त्याने बहुधा स्वतःच्या पैशांनी नूतनीकरण केलं असेल, नाहीतर पान अजून दिसलंच नसतं. त्याचे पैसे विचारून चुकते करा. दरम्यान आयकॅन या डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या लुकअप, म्हणजे शोधाच्या, पानावर तुमचं डोमेन टाकून पाहा : मालकाचं नाव झाकलेलं असू शकतं, पण नोंदणी कोणत्या कंपनीकडे आहे आणि मुदत कधी संपते हे दिसतं. त्याच कंपनीत तुमच्या नावाचं खातं उघडून डोमेन त्यात वळवून घेणं सगळ्यात सोपं. मालकाचं नाव बदललं की काही ठिकाणी पुढचे ६० दिवस डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही, म्हणून हे काम आत्ताच सुरू करा, नव्या साइटच्या आदल्या आठवड्यात नव्हे. खात्यावरचा ईमेल आणि फोन तुमचा, स्वयंचलित नूतनीकरण सुरू. आणि नवा डिझायनर ‘डोमेन-होस्टिंग सगळं मी माझ्या खात्यातून करून देतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका’ म्हणाला तर हसून नाही म्हणा. खातं तुमचं, त्याला कामापुरता प्रवेश. जुन्या पानाचा पत्ता नव्या साइटवर बदलणार असेल, तर जुन्या पत्त्यावर आलेला माणूस नव्या पानावर कायमचा वळवला जाईल, याला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात, हेही कागदावर लिहा.

जाता जाता : कोटेशनमध्ये ‘एसएसएल’ म्हणून मोठी वेगळी रक्कम लावलेली दिसली तर कारण विचारा. साइट आणि पाहणाऱ्यामधली देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं ते प्रमाणपत्र हवंच, त्याशिवाय क्रोम २०१८ पासून पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ असं दाखवतो. पण लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थेकडून ते फुकट मिळतं आणि बऱ्याच होस्टिंगमध्ये आधीच धरलेलं असतं.

दोन पानांच्या शेवटी व्यवहार लिहा. मजकूर कोण देणार, कोणत्या तारखेला. डिझाइनमध्ये बदलाच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत आणि त्यापुढे काय. पैसे टप्प्यांत : सुरुवातीला काही, डिझाइन मंजूर झाल्यावर काही, साइट चालू होऊन सगळे पासवर्ड हातात आल्यावर उरलेले. केलेल्या कामाचे हक्क लेखी तुमच्याकडे येणार का. बऱ्याच देशांत लिहून दिल्याशिवाय ते बाहेरच्या डिझायनरकडेच राहतात. दरवर्षी काय काय भरावं लागेल. बॅकअप कोण घेणार. आणि एखाद्या पानावरची एक ओळ बदलायची असेल तर ती तुम्हाला स्वतःला बदलता येईल का, की दर वेळी फोन करायचा? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला तोंडी न ऐकता, स्क्रीनवर करून दाखवायला सांगा.

भाच्याचं काय? भाच्याला नक्की सामील करा, पण कुठे ते नीट ठरवा. फोटो काढणं, मजकूर टाइप करणं, साइट तयार झाल्यावर अनोळखी माणसांकडून तपासून घेणं, यात तो सोन्यासारखा. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच माणसांना वापरायला दिलं तरी बहुतेक मोठ्या अडचणी समोर येतात. भाच्याने पाच जणांच्या हाती फोन देऊन ‘या खुर्चीचा अंदाज मागव’ एवढंच सांगायचं आणि गप्प उभं राहायचं. साइट त्यालाच करू द्यायची असेल तर तीच दोन पानं, त्याच तारखा, तेच खातं तुमच्या नावावर. परीक्षा आली की काम थांबणार हे धरून चाला. फुकट कामावर रागावता येत नाही, ही त्यातली खरी अडचण.

माझा कल तिसरीकडे आहे, कारण आकड्याआधी तिला बोलायचं होतं. पण तेवढ्यावर ठरवू नका. हीच दोन पानं तिघांनाही एकाच दिवशी पाठवा आणि कोण काय विचारतं ते पाहा. जो ‘हे पान कशाला, ते वरच्यात बसेल’ असं म्हणून तुमची यादी कमी करेल, त्याचं नाव वर ठेवा. प्रत्येकाच्या जुन्या कामांपैकी दोन साइट तुमच्या फोनवर उघडा, त्यातला फॉर्म भरायचा प्रयत्न करा, आणि त्या साइटच्या मालकांना फोन करून विचारा की काम संपल्यावर याने फोन उचलला का.

नवे आकडे आले आणि तरी त्यांत मोठी तफावत राहिली, तर तिघांनाही एकच लिहून पाठवा : या रकमेत काय धरलेलं नाही? उत्तर ईमेलवर मागा.